आपल्या अंगातले सांधे : प्रकार आणि निगा



मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतली गोष्ट. मंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या, अहवालवाचन सुरू झाले होते, तरी वीस-पंचवीस सभासद मंडपाच्या खांबांना टेकून उभेच होते. "मंडळी, बसून घ्या," अशी व्यासपीठावरून दोनदा विनंती झाली. कोणी हलले नाही. सभांचा आमचा जुना अनुभव असा की, खांबाला टेकून उभा राहिलेला माणूस काहीतरी विचारायचे ठरवूनच आलेला असतो. उसाच्या भावावरून आता काही निघणार, असे समजून आम्ही कागदपत्रे हाताशी घेऊन बसलो. प्रत्यक्षात विषय एकामागून एक मंजूर झाले, आभार झाले, आणि उभ्या मंडळींकडून एकही प्रश्न आला नाही.

चहाच्या वेळी त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्या सभासदाला आम्ही गाठले. म्हटले, "बापू, नाराजी कशाची होती?" बापू हसले. म्हणाले, "नाराजी कायची भाऊ? टोंगये वाकत नाहीत. खाली बसलो तं उठवीन कोन?"

ऐकून आम्ही खजील झालो. ज्यांना आम्ही विरोधक समजत होतो ते बिचारे तीन तास दुखऱ्या पायांवर उभे होते. नंतर चौकशी केली तेव्हा आणखी कळले. कोणी पंगतीला जायचे सोडले आहे, कोणी गाडीवर चढायचे सोडले आहे. एका माउलीने तर सांगितले की, रात्री शौचाला बसावे लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. दुखणे अंगात आहेच, पण ते कोणाला सांगायचे नाही आणि सांगितले तरी "वयाचे आहे" म्हणून सोडून द्यायचे, अशी आपल्याकडची रीत. म्हणून या अंकात उसाचा विषय थोडा बाजूला ठेवून अंगातल्या सांध्यांविषयी लिहायचे ठरवले. सांधा कोणत्या जातीचा आहे हे समजले, तर त्याच्याकडून कोणते काम घ्यावे आणि कोणते घेऊ नये हेही समजते.

पेर उसाचे आणि पेर बोटाचे

उसाच्या दोन गाठींमधल्या भागाला आपण पेर म्हणतो. बोटाच्या दोन सांध्यांमधल्या भागालाही पेरच म्हणतो. आपल्या जुन्या माणसांनी दोघांना एकच नाव दिले, कारण रचना दिसायला सारखी आहे. चार बोटांना प्रत्येकी तीन आणि अंगठ्याला दोन, मिळून एका हाताला चौदा पेरे. अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजली की बरोबर डझन होते. आपल्या आया-आज्यांचा हिशेब याच पेरांवर चालत असे.

फरक असा की, उसाची गाठ हलत नाही. ती घट्ट आहे म्हणून ऊस उभा राहतो, आणि तिच्यावर डोळा असतो म्हणून टिपरी लावली की नवा ऊस येतो. बोटाची गाठ मात्र हलते, म्हणून हाताला कोयता धरता येतो. अंगात दोन्ही जातींचे सांधे आहेत. काही उसासारखे घट्ट, काही बोटासारखे हलते, आणि काही या दोहोंच्या मधले.

हा विचार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे हलणारे आणि स्थिर असे दोन वर्ग केलेले आहेत. सांधे एकंदर २१० सांगितले आहेत : हातापायांत ६८, धडात ५९ आणि मानेपासून वर ८३. आकारावरून त्यांचे आठ प्रकारही पाडले आहेत. त्यातला एक 'उलूखल', म्हणजे आपले उखळ. दुसरा 'तुन्नसेवनी', म्हणजे शिवण. आजचे शास्त्र मोजणी वेगळ्या पद्धतीने करते आणि वर्गही वेगळे पाडते. तरी खांद्याच्या सांध्याला शाळेच्या पुस्तकात आजही उखळीचा सांधा म्हणतात, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

न हलणारे आणि थोडे हलणारे

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. नुकत्या जन्मलेल्या बाळात ती यापेक्षा बरीच जास्त असतात, आणि वाढीबरोबर काही एकमेकांत जुळून जातात. कवटीची हाडे शिवणीने जोडलेली असतात. करवतीचे दात एकमेकांत बसवावेत तशी ती शिवण असते. बाळपणी मात्र हे सांधे पुरते भरलेले नसतात. डोक्यावर पुढच्या बाजूला जो मऊ भाग लागतो ती टाळू. ती साधारण एक-दीड वर्षात भरते. जुलाब-उलटी झालेल्या बाळाची टाळू खोल गेली की शरीरातले पाणी कमी झाले असे समजावे आणि लगेच दवाखाना गाठावा. टाळूवर तेल घालून बसू नये. दात आणि जबडा यांचा सांधाही न हलणाऱ्यांतच मोडतो.

थोड्या हलणाऱ्या सांध्यांचे मोठे उदाहरण म्हणजे पाठीचा कणा. दोन मणक्यांमध्ये कूर्चेची चकती असते. तिलाच आपण 'गादी' म्हणतो. मध्यभागी मऊ गर आणि भोवती चिवट धाग्यांची कडी. प्रत्येक गादी थोडीच दबते, पण सगळ्या मिळून माणूस कमरेत वाकतो. कमरेत वाकून आणि त्यातच अंगाला पीळ देऊन वजन उचलले, तर कडी फाटून गर बाहेर येऊ शकतो आणि शेजारची शीर दाबली जाते. "गादी सरकली" म्हणतात ते हेच. उसाची मोळी असो की खताचे पोते असो, वजन अंगाजवळ घ्यावे, गुडघ्यात थोडे वाकून उचलावे आणि वळायचे असेल तर पाय टाकून वळावे. कमरेतून पीळ देऊ नये.

हलणाऱ्या सांध्यांचे सहा प्रकार

पूर्ण हलणारे सांधे सहा प्रकारचे मानतात. सगळ्यांचे नमुने आपल्या घरात आणि वाड्यात सापडतात.

पहिला बिजागरीचा. दार जसे एकाच दिशेने उघडते आणि मिटते, तसे कोपर, गुडघा आणि बोटांची पेरे.

दुसरा उखळीचा. मुसळाचे टोक उखळात सगळीकडे फिरते, तसा खांदा आणि खुबा. खांद्याची उखळ उथळ आहे, म्हणून हात चौफेर फिरतो. त्यामुळेच अंगातल्या मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदा. खुब्याची उखळ खोल आहे. तो कमी फिरतो, पण सगळे धड पेलतो.

तिसरा खुंटीचा. जात्याच्या खालच्या दगडात लोखंडी खीळ असते आणि तिच्याभोवती वरचा दगड फिरतो. मानेचा पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती असाच फिरतो. सभेत आपण "नामंजूर" म्हणून मान हलवतो ती या सांध्यामुळे. "मंजूर" म्हणून मान डोलावतो तो सांधा एक पायरी वर, कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये असतो. कोपराजवळही असाच एक सांधा आहे. कुलपात किल्ली फिरवताना तो कामी येतो.

चौथा खोगिरी. घोड्याच्या खोगिरावर स्वार बसावा तशी दोन हाडे एकमेकांवर बसलेली असतात. अंगठ्याच्या मुळाशी हा सांधा आहे. त्याच्यामुळे अंगठा बाकीच्या बोटांसमोर येतो आणि कोयत्याची मूठ पक्की धरता येते. तोडणीवाल्यांचा आणि धार काढणाऱ्यांचा अंगठा मुळाशी दुखतो, त्याचे एक कारण हेच.

पाचवा लंबगोल. मनगट आणि बोटांची मुळे. ही पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना हलतात, पण मुसळासारखी गोल फिरत नाहीत.

सहावा सरकता. तळहाताच्या मुळाशी आणि पावलात लहान लहान हाडे असतात. ती एकमेकांवर थोडी थोडी सरकतात. एका पावलात २६ हाडे असतात. ढेकळांच्या रानात अनवाणी माणूसही तोल सांभाळून चालतो, तो या हाडांच्या सरकण्यामुळे.

प्रत्येक सांध्याची दिशा ठरलेली आहे. बिजागरीच्या दाराला कोणी आडवा हिसका दिला तर बिजागरी उखडते. पाय चिखलात रुतलेला असताना अंग वळवले की गुडघ्याचे तेच होते.

वंगण

बैलगाडीच्या आसाला वंगण देत असू, ते अनेकांना आठवत असेल. वंगण संपले की चाक कुरकुरे आणि दोन कोसांवरून गाडी ओळखू येई. कारखान्यातही गळीत हंगामात बेअरिंगला तेल कमी पडले तर मिल उभी करावी लागते.

सांध्याची रचनाही अशीच आहे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. भोवती पिशवीसारखे आवरण असते आणि त्या आवरणातून चिकट पाझर सुटतो. हे अंगातले वंगण. बाहेरून अस्थिबंध सांधा धरून ठेवतात आणि स्नायू तो चालवतात.

यात दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे, कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते या वंगणातून. सांधा दबला आणि सुटला, दबला आणि सुटला, की स्पंजाप्रमाणे वंगण आत-बाहेर होते. म्हणून सांधा अगदीच न हलवणे हे त्याला उपाशी ठेवणे आहे. दुसरी म्हणजे, कूर्चेला संवेदनेच्या नसाही नसतात. ती झिजत असताना स्वतः दुखत नाही. दुखू लागते तोवर झीज बरीच झालेली असते. "कालपर्यंत तर काही नव्हते" असे जो तो म्हणतो, त्याचे कारण हे आहे.

टोंगळाच का जातो?

गुडघा अंगातला सर्वांत मोठा सांधा. खुब्यासारखी खोल उखळ त्याला नाही. मांडीचे हाड नळीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेले असते. मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या, पुढे वाटी, आणि धरून ठेवायला चार मुख्य अस्थिबंध. एवढ्यावर सगळा कारभार. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. जिना चढताना, उकिडवे बसताना आणि त्या बैठकीतून उठताना तो आणखी वाढतो.

आता आपले काम पाहा. निंदणाला बायका दिवसचा दिवस उकिडव्या सरकतात. तोडणीला कोयता कमरेतून आणि गुडघ्यातून वाकतो. मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. पैनगंगेच्या काठचे काळे रान पावसात पाय धरून ठेवते. त्यावर वय, वाढलेले वजन, जुना मार आणि घरातली ठेवण यांची भर पडते. पाळी गेल्यानंतर बायकांत झीज अधिक दिसते.

मात्र दुखणारा प्रत्येक सांधा झिजलेलाच असतो असे नाही. झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो आणि काम केल्यावर दुखते. आमवातात दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजतात व आखडलेपणा तास-तास राहतो. यावर चांगली औषधे आहेत, पण ती लवकर सुरू झाली तरच बोटे वाकडी होण्यापासून वाचतात. पायाच्या अंगठ्याचे मूळ एकाएकी लाल होऊन रात्री असह्य दुखू लागले, तर रक्तातले युरिक आम्ल तपासावे. आणि ताप येऊन एकच सांधा गरम होऊन सुजला, किंवा तापातल्या लेकराने पाय टेकायचे सोडले, तर ती वेळ थांबण्याची नाही. आत पू झाला असेल तर सांधा थोड्या दिवसांत कायमचा जातो. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. या आजारात खुब्याच्या मुसळाकडे जाणारा रक्तपुरवठा बंद पडून ते आतून ढासळू शकते. तरणाताठा मुलगा जांघेत दुखते म्हणून लंगडू लागला, तर "लचक भरली" म्हणून चोळत बसू नये. सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.

पुडीपासून सावध

सभेतल्या बापूंची गोष्ट इथे पुरी सांगतो. दोन वर्षे ते बाजारातून सांधेदुखीच्या पुड्या आणत होते. पुडीवर औषधाचे नाव नाही, बनवणाऱ्याचे नाव नाही. "जडीबुटी आहे, अपाय नाही," एवढेच सांगणे. पहिल्या आठवड्यात दुखणे पळाले. बापू शेतात गेले, गाडी हाकली. मग चेहरा गोल दिसू लागला. लोक म्हणाले, "बापू, तब्येत सुधारली!" पुडी चुकली की मात्र अंथरुणातून उठवेना. शेवटी पायाची जखम भरेना म्हणून मुलाने रक्त तपासले, तर साखर भलतीच चढलेली. डॉक्टरांनी पुडीचे विचारले तेव्हा उलगडा झाला.

अशा बेनामी पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक औषधे मिसळलेली असल्याचे वेळोवेळी उघड झाले आहे. स्टेरॉइड हे डॉक्टरच्या हातात मोलाचे औषध आहे. मात्रा न कळता महिनोन् महिने पोटात गेले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि खुब्याच्या मुसळाचा रक्तपुरवठासुद्धा बंद पडू शकतो. गुडघ्यासाठी घेतले आणि खुबा गमावला, असा हा सौदा. वेदनाशामक गोळ्याही मनाने रोज घेतल्या तर जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंड बिघडते. आणखी एक महत्त्वाचे. बरेच दिवस अशी पुडी घेतली असेल तर ती मनाने एकदम बंद करू नये. शरीराला तिची सवय झालेली असते. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि काही न लपवता सांगावे.

निखळलेला खांदा ओढून बसवून घेणे आणि मोडलेल्या हातावर घट्ट कामट्या बांधणे, हेही थांबायला हवे. बांधल्यावर बोटे निळी किंवा गार पडली, तर रक्त बंद होत आहे असे समजून पट्टी ताबडतोब सैल करावी. दुपट्ट्याची झोळी करून हात गळ्यात अडकवावा आणि एक्स-रे काढून घ्यावा.

निगा कशी राखावी

गुडघ्याचा खरा राखणदार म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. तो बळकट असेल तर भार तो उचलतो. त्यासाठी खर्च नाही. खाटेवर किंवा खुर्चीवर बसावे. एक पाय गुडघ्यातून हळूहळू सरळ करावा, मांडी आवळावी, पाच आकडे म्हणेपर्यंत धरावी आणि सावकाश खाली सोडावी. किती वेळा? अंगठ्याने बोटांची पेरे मोजावीत. बारा पेरे झाली की दुसरा पाय. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दोन-तीन महिने नेमाने केले तर फरक जाणवतो. पहिल्या आठवड्यात गुण येत नाही म्हणून सोडू नये.

सपाट रस्त्यावर रोज झेपेल तेवढे चालावे. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरले तरी प्रत्येक पावलाला गुडघ्याचा भार कमी होतो. काठी घ्यायला लाजू नये. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. निंदणात तासातासाने उठून उभे राहावे. शक्य तिथे लांब दांड्याचे अवजार किंवा सायकल-कोळपे वापरावे. चूल ओट्यावर घ्यावी. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी शौचाला उंच बैठक किंवा मध्ये भोक पाडलेली खुर्ची करून द्यावी आणि भिंतीला धरायला पाइप बसवावा. वर सांगितलेल्या माउलीची अडचण औषधापेक्षा या खुर्चीने लवकर सुटेल.

एवढे करूनही चालणेच बंद होत असेल, तर शस्त्रक्रिया आहे. खुब्याचा सांधा बदलण्याची आजची पद्धत इंग्लंडचे जॉन चार्नली यांनी १९६२च्या सुमारास रुळवली. आपल्याकडे हा विषय घरोघर पोचला तो पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० साली त्यांचा डावा आणि २००१ साली उजवा गुडघा डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीयांच्या गुडघ्यांचे माप आणि बसण्या-उठण्याच्या सवयी ध्यानात घेऊन 'इंडस' नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला. त्यांना २०१२ साली पद्मविभूषण मिळाले. बदललेला सांधा बहुतेकांना पंधरा-वीस वर्षे पुरतो. पण त्यानंतरही व्यायाम करावाच लागतो आणि उकिडवे बसणे टाळावे लागते. शस्त्रक्रियेसाठी सावकाराचे दार ठोठावण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या 'आरोग्यमित्रा'ला विचारावे. कोणता उपचार योजनेत बसतो ते तो सांगतो.

बंधू-भगिनींनो, हंगाम संपला की कारखान्याची मिल खोलतात, बेअरिंग तपासतात, झिजलेले बदलतात आणि मगच नव्या हंगामाला हात घालतात. आपल्या अंगाला असा बिगरहंगाम मिळत नाही. काम चालू ठेवूनच त्याची देखभाल करावी लागते.

बापू आता पुडी घेत नाहीत. साखर आटोक्यात आली आहे. गुडघा पूर्ववत झाला नाही, तो होणारही नाही. पण काठी घेऊन ते बांधापर्यंत जातात आणि रोज सकाळी खाटेवर बसून पेरे मोजतात.

आमच्याकडून एक दुरुस्ती. येत्या सर्वसाधारण सभेत मंडपाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्यांच्या रांगा राहतील. त्या पाहुण्यांसाठी नाहीत, ज्यांना खाली बसता येत नाही अशा सभासदांसाठी आहेत. त्यावर बसायला कोणीही संकोच करू नये. आणि तरीही कोणी खांबाला टेकून उभे राहिले, तर या वेळी आम्ही आधी गुडघ्याची विचारपूस करू आणि मग उसाच्या भावाचे बोलू.